पहिल्यांदा भाड्याने खोली घेताय? कमी खर्चात घर लावायचं आणि चालवायचं कसं

२०१८ च्या जूनमध्ये मी बार्शीहून पुण्याला आले. कर्वेनगरात एक खोली, तिच्यातच ओटा, बाजूला मोरी आणि संडास. पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हा मोरीतून असा वास आला की दोन मिनिटं थांबवेना. मी फिनाईल आणलं, सुगंधी वड्या आणल्या, मग फवारा आणला. वास जाईना. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "खोली दोन महिने बंद होती ना, खालचं पाणी आटलंय." संध्याकाळपर्यंत वास गेला. जाळीखाली नळीला एक वाकण असतं, त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. ते आटलं की गटार थेट खोलीत उघडं होतं. मी तीन वस्तूंवर पैसे घातले, आणि गरज होती तांब्याभर पाण्याची.

तेव्हापासून एक सवय लागली: काही बिघडलं की दुकानात जाण्याआधी ते का बिघडलं ते बघायचं. खाली जे सांगतेय ते चार खोल्या बदलताना जमवलेलं आहे. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्यांना यातलं बरंच कुणी सांगत नाही, कारण घरी ते आई किंवा आजी न बोलता करत असतात.

हाताशी काय हवं

कागदपत्रं: आधार, पॅन, तीन-चार पासपोर्ट फोटो, कंपनीचं किंवा कॉलेजचं ओळखपत्र. मूळ प्रती कुणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या आणि तिच्यावर कशासाठी दिली ते पेनाने लिहा.

अवजारं: टेस्टर, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, छोटा पाना, टेफ्लॉन टेप, इन्सुलेशन टेप, मोजपट्टी, विजेरी. पुण्यात हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पक्कड, पाने स्वस्त मिळतात. टेस्टर मात्र नवाच घ्या, जुन्यावर विश्वास ठेवू नका.

१. किल्ली घेण्याआधी अर्धा तास खोलीत घालवा

दिवसा जा. सगळे नळ एकदम उघडा आणि धार बघा. मोरीत बादलीभर पाणी ओता, ते किती वेळात जातं ते बघा. फ्लश दोनदा ओढा. प्रत्येक दिवा, पंखा, प्लग चालू करून बघा. भिंतीच्या खालच्या वीतभर भागावर हात फिरवा. रंग पापुद्र्यासारखा सुटत असेल किंवा हाताला गार लागत असेल तर पावसाळ्यात तिथे ओल येणार. कपाट तिथे ठेवायचं नाही हे तेव्हाच ठरवून टाका.

मग तीन प्रश्न विचारा. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? नळाचं, बोअरचं की टँकरचं? वीजबिल थेट महावितरणचं की सबमीटरवर, म्हणजे घरमालकाने खोलीपुरत्या लावलेल्या वेगळ्या मीटरवर? तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व पुढे विजेच्या भागात येईल.

फोनवर सगळ्या खोलीचा व्हिडिओ काढा. भिंतीवरचे डाग, फुटलेली फरशी, ओट्यावरचे ओरखडे, मीटरचा आकडा, सगळं. आणि तो व्हिडिओ त्याच दिवशी घरमालकाला पाठवून ठेवा. तुमच्या फोनमध्ये नुसता पडून राहिलेला व्हिडिओ डिपॉझिटच्या वेळी फारसा उपयोगी पडत नाही, पाठवलेला पडतो.

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. हाच कागद पुढे गॅससाठी, बँकेसाठी पत्त्याचा पुरावा होतो. करारात डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कोण देणार आणि नोटीस किती दिवसांची, या तीन ओळी स्वतः वाचा.

२. पहिल्या आठवड्यात कमीत कमी आणा

नवं घर म्हटलं की तुळशीबागेत जाऊन पिशव्या भराव्याशा वाटतात. थांबा. आठ दिवस राहिल्याशिवाय तुम्हाला काय लागतं ते कळत नाही.

पहिल्या दिवशी एवढं पुरतं: २० लिटरची बादली आणि मग, फुलझाडू आणि सुपली, मोरीसाठी खराटा, फरशी पुसायला घरून आणलेलं जुनं सुती कापड, ३ लिटरचा कुकर आतल्या डब्यांसह, एक कढई, तवा, चहाचं पातेलं, गाळणं, सांडशी, सुरी, दोन ताटल्या, दोन वाट्या, दोन पेले. पोळपाट-लाटणं पोळ्या खरंच करणार असाल तरच. डब्यांना पैसे घालू नका, शेंगदाणे-लोणच्याच्या रिकाम्या बरण्या महिन्याभरात जमतात.

कुकर आणि गॅसची नळी या दोन गोष्टींत स्वस्ताई करू नका. कुकरवर आयएसआय खूण हवी. बाकी सगळं जुनं, उसनं, मित्राने टाकून दिलेलं चालतं.

३. गॅस: इथे नीट वाचा

एकट्या माणसाला किंवा वर्षभरात खोली बदलणाऱ्याला ५ किलोचा छोटा सिलिंडर सोयीचा. तेल कंपन्यांच्या वितरकांकडे तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. गॅस किलोमागे थोडा महाग पडतो, पण कनेक्शनच्या खटपटी वाचतात. दोघं-तिघं मिळून दोन वर्षं राहणार असाल तर १४.२ किलोचं नियमित कनेक्शन घ्या. पावती दोन्हीकडे जपायची, परत करताना तीच लागते.

सापळा एकच, पण मोठा: रस्त्याकडेच्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देतात. हे बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारं आहे. तिकडे जाऊच नका.

सिलिंडर घरी आला की चार गोष्टी बघा.

सील शाबूत आहे का. वजन: रिकाम्या सिलिंडरचं वजन वर पत्र्यावर कोरलेलं असतं, त्यात गॅसचं वजन मिळवून तेवढं भरायला हवं. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असतो, वजन करून मागणं तुमचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मुठीजवळच्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडे वर्षाचे. 'सी-२८' लिहिलं असेल तर त्या सिलिंडरची पुढची तपासणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. ही मुदत गेलेला सिलिंडर घेऊ नका, बदलून मागा.

चौथी, रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर बोटाने लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती बघणारी माणसं मी पाहिली आहेत, कृपा करून तसं करू नका. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, ती पाच वर्षांनी बदलायची.

गॅसचा वास आला तर शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि विजेचं एकही बटण दाबू नका, चालू असलेलं बंदसुद्धा करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडणं खिडकीपेक्षा महत्त्वाचं. बाहेर येऊन १९०६ वर फोन करा, तो गॅसगळतीसाठीचा देशभरचा आपत्कालीन क्रमांक आहे.

आता बचतीचं. सिलिंडरमध्ये किती गॅस उरलाय ते बघायला ओलं फडकं घ्या आणि सिलिंडर वरून खालपर्यंत एकदा पुसा. दोन मिनिटं उभे राहून बघा. वरचा भाग पटकन वाळतो, खालचा ओला राहतो, आणि मध्ये एक स्पष्ट रेघ दिसते. आत जिथपर्यंत द्रवरूप गॅस आहे तिथपर्यंतचा पत्रा गार असतो, त्यामुळे तिथलं पाणी उशिरा उडतं. रेघ तळापासून चार बोटांवर आली की नवा सांगून ठेवा. रविवारी रात्री अर्धवट भात घेऊन बसायची वेळ येत नाही.

कुकरला शिट्टी झाली की आच बारीक करा. आतलं तापमान तेवढंच राहतं, मोठ्या आचेने फक्त वाफ बाहेर जाते. डाळ अर्धा तास भिजवा. डाळ, भात आणि दोन बटाटे एकावर एक डब्यांत एकाच वेळी लावा. ज्योत निळी हवी. पिवळी झाली आणि भांड्यांचे बूड काळे पडू लागले तर बर्नर काढून त्याची भोकं पिनेने साफ करा, धुवा, पूर्ण वाळवून बसवा. मेकॅनिक बोलवायची गरज नाही.

४. वीज: युनिटचा हिशोब एकदा मांडा

१००० वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. एवढं एक सूत्र आलं की घरातली कुठली वस्तू पैसे खाते ते तुमचं तुम्हाला दिसतं.

९ वॅटचा एलईडी दिवा रात्रीचे पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. दिवे बंद करण्यावरून रूममेटशी भांडण्यात अर्थ नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे नऊ युनिट. पण तो महाग असतो आणि भाड्याच्या खोलीत वर्षभरात त्याचे पैसे निघत नाहीत. जाताना काढून नेणार असाल तरच घ्या.

खरा खर्च पाणी तापवण्याचा. २००० वॅटचा १५ लिटरचा गिझर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे सोळा मिनिटं घेतो, अर्धा युनिट. आंघोळीआधी वीस मिनिटं लावा आणि बंद करून आत जा. सकाळभर चालू ठेवलात तर टाकीतली उष्णता भिंतीबाहेर जात राहते आणि तो पुन्हा पुन्हा चालू होत राहतो.

गिझर नसेल तर रॉड. १५०० वॅटचा रॉड २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला २३-२४ मिनिटं घेतो, सुमारे ०.६ युनिट. रॉडने दरवर्षी माणसं दगावतात, म्हणून क्रम पाठ करा: आधी रॉड पाण्यात, मग प्लग, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड. पाणी तापलं का ते रॉड चालू असताना बोट घालून कधीही बघायचं नाही. लोखंडी किंवा स्टीलची बादली नको. चप्पल घालून उभे राहा.

रॉड, इस्त्री, इंडक्शन हे साध्या एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. साधा प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. २००० वॅटची शेगडी त्यावर लावली की वायर आतून तापते आणि एके दिवशी वितळते. जाड पिनांचा पॉवर प्लग शोधा. खोलीत एकच असेल तर पलंग, टेबल, शेगडी त्याच्या हिशोबाने मांडा.

सबमीटरचा सापळा असा. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वरच्या टप्प्यातलं युनिट महाग. एकटा माणूस महिन्याला ६०-७० युनिट वापरतो, म्हणजे सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसतो. पण चार खोल्या एकाच मीटरवर असल्या की सगळ्यांची बेरीज वरच्या टप्प्यात जाते आणि घरमालक सरसकट एकच दर लावतो. माझ्या दुसऱ्या खोलीत दर ऐकून मी 'बरं' म्हटलं आणि वर्षभर जवळजवळ दुप्पट भरलं. करार करतानाच मूळ बिलाचा फोटो मागा आणि युनिटचा दर लिहून घ्या. मीटर स्वतंत्र असेल तर बारा आकडी ग्राहक क्रमांक घ्या, महावितरणच्या ॲपवर बिल स्वतः दिसतं.

५. पाणी, पांढरे थर आणि ओटा

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने नळांवर, शॉवरवर, बादलीवर पांढरा थर चढतो. तो क्षारांचा असतो, साबणाने निघत नाही, आंबट पदार्थाने निघतो. बाजारात यासाठी महागड्या बाटल्या आहेत. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मागा, लिंबूसत्त्व म्हणूनही मिळतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासा. शॉवरची भोकं बुजली असतील तर हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पिशवी शॉवरला रबराने बांधा आणि तासभर सोडा. विजेच्या किटलीत हेच पाणी उकळून ओतून द्या, मग दोनदा साधं पाणी उकळा.

आता जे माझ्याकडून झालं ते सांगते. नळ इतके चकचकीत निघाले की उरलेलं पाणी मी ओट्यावर ओतलं. ओटा काळ्या कडप्प्याचा. फेस आल्यासारखं बारीक चुरचुरलं, मला वाटलं मळ निघतोय. पुसल्यावर बघते तर जिथे जिथे पाणी साचलं होतं तिथे राखाडी, खरबरीत नकाशे उमटलेले. घासले, तेल लावलं, जाईनात. काकूंना बोलावलं. त्या बोट फिरवून म्हणाल्या, "अगं, कडप्पा चुन्याच्या जातीचा दगड. त्याला लिंबू, चिंच, ॲसिड काही चालत नाही. ते डाग नाहीत, दगडच खाल्लाय त्याने." डिपॉझिटमधून पॉलिशचे पैसे गेले.

म्हणून: कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर या तिन्हींना आंबट काहीही लावायचं नाही. लिंबू चिरायचं तेही पाटावर. सांडलं तर लगेच पुसायचं. रोज साबणाचं पाणी, महिन्यातून एकदा कोरड्या कडप्प्यावर खोबरेल तेलाचा हलका हात, एवढं पुरतं. ग्रॅनाइट आणि चिनी मातीच्या टाइल्स सौम्य आंबट सोसतात.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. संडास धुण्याचं ॲसिडचं द्रव आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका, एकामागोमाग एकसुद्धा ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद, छोट्या संडासात तो जीवघेणा ठरू शकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वही नको.

पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. गाळून खळखळून उकळलेलं पाणी माठात भरा. उन्हाळ्यात माठ फ्रिजपेक्षा स्वस्त आणि घशाला बरा.

६. मोरी आणि नळ

पाणी तुंबलं की खायचा सोडा आणि व्हिनेगर ओता असं सगळीकडे सांगतात. फेस छान येतो, पण ते दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि खाली उरतं खारट पाणी. केसांचा बोळा त्याने हलत नाही. जाळी उचला, जुन्या हँगरची तार टोकाला वाकवून आत घाला आणि बोळा ओढून काढा. घाण काम आहे, पाच मिनिटांचं आहे. बेसिनखाली बाटलीसारखा भाग असतो, तो हाताने फिरवून सुटतो, खाली बादली ठेवायला विसरू नका. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, गार झालं की कागदाने टिपून कचऱ्यात.

नळ थेंब थेंब गळतोय म्हणजे बहुतेक वेळा आतला वायसर झिजलाय. भिंतीजवळचा कॉक बंद करा, नळाचं डोकं पान्याने उघडा, जुना वायसर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा आणि तसाच आणा. नळ पुन्हा बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप नळ ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने आठ-दहा वेढे गुंडाळा. उलटी गुंडाळली की आवळताना सुटून येते.

गावी जाताना मोरीच्या जाळीवर प्लॅस्टिक टाकून वर वजन ठेवा. आल्यावर वास नाही, झुरळं नाहीत.

७. किराणा आणि भाजी

कोथिंबीर धुऊन ठेवू नका. निवडा, मुळं कापा, कोरडी करा, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात. आठवडा टिकते. मिरच्यांचे देठ काढून ठेवा. कांदे आणि बटाटे वेगळ्या टोपल्यांत, एकत्र ठेवले तर लवकर कोंब येतात. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजा. तांदूळ-डाळ महिन्यापुरतीच घ्या, पाच किलोच्या पिशवीवर वाचलेले पैसे पोरकिडे खातात. फ्रीजर असेल तर नवी डाळ चार दिवस आत ठेवून मग बरणीत भरा. नसेल तर कडक ऊन आणि वाळलेला कडुनिंब.

मटकी रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधून टांगा, दुसऱ्या दिवशी मोड. पाव किलो मटकीत दोघांचे दोन दिवस निघतात. रविवारी वाटीभर दाण्याचं कूट आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण करून ठेवलं तर आठवड्यात बाहेरून मागवायचा मोह निम्म्याने कमी होतो. माझा सगळ्यात जास्त पैसा याच एका सवयीने वाचला.

८. कपडे, त्यातून पावसाळ्यात

पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत ही खरी अडचण. पिळलेला शर्ट कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्ही मिळून गुंडाळी करा आणि पिरगाळा. निम्मं पाणी टॉवेलमध्ये जातं. मग हँगरवर, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून पंख्याखाली. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून. ओले कपडे बादलीत रात्रभर ठेवू नका, तो कुबट वास पुढच्या तीन धुण्यांत जात नाही.

हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो. घाबरू नका, धुऊन उन्हात टाका. ऊन हळदीचा रंग उडवतं, दोन दिवसांत डाग दिसेनासा होतो. तेलाच्या डागावर आधी कोरडं डाळीचं पीठ दाबून ठेवा, झटका, मग भांड्यांच्या साबणाने चोळा. नवा रंगीत कपडा पहिल्यांदा एकटाच धुवा.

९. झुरळं, मुंग्या, डास

झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखर समप्रमाणात घेऊन थोड्या पाण्यात वाटाण्याएवढ्या गोळ्या करा. शेगडीखाली, सिलिंडरमागे, सिंकखाली ठेवा. परिणाम दिसायला आठवडा लागतो. हे विष आहे, घरात मूल किंवा मांजर असेल तर करू नका, आणि मळलेली वाटी पुन्हा जेवणात वापरू नका. रात्री ओटा आणि सिंक कोरडं ठेवलं नाही तर कुठलीही गोळी पुरत नाही, कारण झुरळं पाण्यासाठी येतात.

डेंगीचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, बादली, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून घासून कोरडा करायचा. नुसतं पाणी ओतून देऊ नका, अंडी कडेला चिकटलेली असतात. खिडकीला वेल्क्रोची जाळी मापाने कापून लावा.

१०. खोली सोडताना

नोटीस लेखी द्या, व्हॉट्सॲपवर दिली तरी तारीख घालून. शेवटच्या आठवड्यात नळांचे थर काढा, खिळ्यांची भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवा, पंख्याची पाती पुसा. पहिल्या दिवशीचा व्हिडिओ उघडा आणि त्याच क्रमाने तसाच दुसरा काढा. मीटरच्या आकड्याचा फोटो घरमालकासमोर घ्या आणि शेवटच्या बिलाचा हिशोब तिथेच मांडा. छोटा सिलिंडर पावती दाखवून वितरकाकडे परत करा. आधार आणि बँकेतला पत्ता बदलायचा असेल तर नव्या कराराची नोंदणी झाल्यावर लगेच बदला. आणि किल्ली हातात देताना डिपॉझिटचे पैसे खात्यात आल्याचा मेसेज बघूनच जिना उतरा.